गेंड्या बोले, नवऱ्या लागे

नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला तिसरं कुणीतरी लागतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे दोघांनाही पटत नाही. तेव्हा तिसरं माणूस खोलीबाहेर कधी जातंय याची वाट बघण्यात वेळ जातो. पण संसार मुरला, की ध्यानात येतं की थेट बोलून आजवर कुठल्याच घरातलं काही सुरळीत झालेलं नाही. आमच्या आजीला आजोबांविषयी काही सांगायचं असलं, की ती पोळपाटाला सांगायची. आईने तीच परंपरा भांड्यांवर चालवली. मोरीतल्या आवाजावरून वडिलांना प्रकरण कुठल्या पट्टीत आहे ते कळायचं आणि जेवायच्या आधी एक चक्कर मारून यावी की नाही, ते ठरायचं. अमेरिकेत आल्यावर आमच्याकडे डिशवॉशर आला आणि भांडी आपटायची सोय गेली. मग मुलं होती. ‘तुझ्या बाबांना सांग’ आणि ‘आईला विचार’ या दोन वाक्यांवर आमची कितीतरी वर्षं निघाली. मुलं शिकली, नोकरीला लागली, लांबच्या शहरांत स्थिरावली. मीही निवृत्त झालो. शिकागोच्या उपनगरातल्या त्या ऐसपैस घरात आता आम्ही दोघंच समोरासमोर चहा पीत बसायला लागलो, आणि मध्ये कुणीच नव्हतं.

अशा वेळी इथली माणसं कुत्रा पाळतात. आम्ही मोटरहोम भाड्याने घेतलं.

मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. आमचं पंचवीस फूट लांब आणि आठ फूट रुंद होतं. तेवढ्यात ओटा, शेगडी, फ्रिज, पलंग, न्हाणीघर, संडास आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा. निघायच्या आधी इथल्या मराठी मंडळातल्या मंडळींनी ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आम्हाला ऐकवली. प्रत्येकाने स्वतंत्रपणे, आणि आपल्यालाच सुचल्यासारखी.

रस्ता मी ठरवला: रूट ६६. शिकागोतून निघून सान्ता मोनिकाच्या समुद्रापर्यंत जाणारा, १९२६ साली आखलेला, सुमारे २,४०० मैलांचा. पुढे रुंद इंटरस्टेट आले आणि १९८५ मध्ये या रस्त्याचा क्रमांक अधिकृत यादीतून काढून टाकला गेला. तरी त्याचे तुकडे ठिकठिकाणी शिल्लक आहेत आणि लोक ते शोधत हिंडतात. निवृत्त रस्त्यावरून निवृत्त माणसांनी जावं यात एक औचित्य आहे, असं मी हिला सांगितलं. ही म्हणाली, “रस्त्याला पेन्शन असते का?”

थांबे हिने ठरवले. मला डोंगरदऱ्या बघायच्या होत्या. हिचं म्हणणं, डोंगर एकदा बघून झाला की झाला, तो काही करतो का? प्राणी काहीतरी करतो. निदान खाजवतो तरी. शेवटी तह झाला: एक देखावा माझा, एक प्राणिसंग्रहालय हिचं. आणि सान्ता मोनिकाला समुद्र लागला तरी थांबायचं नाही, तसंच खाली सॅन दिएगोपर्यंत जायचं, कारण तिथल्या प्राणिसंग्रहालयाचं हिने फार ऐकलं होतं.

पहिलं प्राणिसंग्रहालय घरचंच. शिकागोचं लिंकन पार्क झू १८६८ पासूनचं, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्काने भेट दिलेल्या हंसांपासून सुरू झालेलं. प्रवेश फुकट. मुलांना घेऊन आम्ही तिथे वरचेवर जात असू, आणि तेव्हा आमचं सगळं लक्ष मूल कुठे गेलं याकडे असायचं. या वेळी पहिल्यांदाच शांतपणे गोरिलांसमोर उभे राहिलो. पांढऱ्या पाठीचा मोठा नर आमच्याकडे आणि आपल्या कुटुंबाकडे, दोघांकडेही पाठ करून बसला होता. पोरं त्याच्या अंगावरून उड्या मारत होती, बायका काहीतरी निवडत होत्या.

“घरातला कर्ता,” ही काचेकडे बघत म्हणाली. “फक्त हातात पेपर तेवढा नाही.”

बाकी काही बोलणं झालं नाही. पण परत येताना माझ्या लक्षात आलं, की आपल्याला काहीतरी सांगण्यात आलेलं आहे.

लग्न ठरल्यावर आम्हाला पुण्यात पेशवे पार्कात फिरायला जायची परवानगी मिळाली होती. अर्थात हिच्या धाकट्या भावासकट. त्या काळी मुलगी मुलाला ‘आपण तुमच्या आईवडिलांबरोबर राहणार की वेगळे?’ असं विचारू शकत नव्हती. माकडांच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून ही म्हणाली होती, “यांच्यात सगळे एकत्रच राहतात वाटतं?” मी थोडा विचार करून म्हटलं, “बहुतेक. पण नोकरीनिमित्त एखादं बाहेरही जात असेल.” तेवढ्यावर सगळं ठरलं. धाकट्या भावाला यातलं काही कळलं नाही. त्याला फुलराणीत बसायचं होतं.

प्राणिसंग्रहालयात बोलणं सोपं होतं. गाडी मागे घेताना ते होत नाही. मोटरहोमच्या मागच्या बाजूला काय आहे ते आरशात अर्धंच दिसतं, म्हणून दुसऱ्या माणसाने खाली उतरून मागे उभं राहायचं आणि खुणा करायच्या. ही एसटीच्या कंडक्टरसारखी गाडीच्या अंगावर थापा मारून “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या” म्हणायची आणि त्याच सुरात, त्याच लयीत “थांबा” म्हणायची. शेवटच्या ‘येऊ द्या’ आणि पहिल्या ‘थांबा’मध्ये साधारण एक वीत अंतर असायचं आणि त्या वितीत विजेचा खांब असायचा. कॅम्पग्राउंडवरच्या मंडळींना संध्याकाळी दुसरी करमणूक नसते. नवं बिऱ्हाड आलं, की जुनी माणसं घडीच्या खुर्च्या बाहेर टाकून, हातात पेय घेऊन बसतात. आमच्या वेळी तर एका जोडप्याने खुर्च्या थोड्या पुढे सरकवून घेतल्या. भाषा कळत नसूनही त्यांना सगळं कळत होतं. म्हातारबाबांनी आपल्या बायकोकडे अशा काही नजरेने पाहिलं, की त्यांनाही आपला तिसरा मिळाला, हे मी ओळखलं.

गाडी मागे न घेता सरळ आत शिरून पुढून बाहेर पडता येईल, अशाही जागा असतात. त्यांना ‘पुल-थ्रू’ म्हणतात आणि त्यांचं भाडं बहुधा जास्त असतं. ते द्यावं. वकिलापेक्षा स्वस्त पडतं.

सेंट लुईसला माझा देखावा म्हणजे ६३० फूट उंचीची ती कमान, १९६५ साली पुरी झालेली. वर जायला पाच जणांचा एकेक इवलासा डबा आहे. त्यात गुडघ्याला गुडघे लावून बसताना हिला आमचं मोटरहोम एकदम ऐसपैस वाटायला लागलं. कमानीचा एवढा फायदा झाला. खरी गंमत पुढे फॉरेस्ट पार्कात होती. १९०४ साली सेंट लुईसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं, त्यासाठी स्मिथसोनियन संस्थेने पक्ष्यांचा एक भलामोठा पिंजरा उभारून घेतला: २२८ फूट लांब, ८४ फूट रुंद, ५० फूट उंच. प्रदर्शन संपल्यावर तो वॉशिंग्टनला न्यायचा बेत होता. लोकांनी हट्ट धरला आणि शहराने तो ३,५०० डॉलरला विकत घेतला. पिंजरा आहे, तर मग त्याभोवती प्राणिसंग्रहालय हवं, असं पुढे झालं. १९१६ मध्ये गावाने मत देऊन त्यासाठी स्वतःवरच कर बसवून घेतला. आजही आत जायला पैसे पडत नाहीत.

“म्हणजे आधी घर घेतलं आणि मग त्यात काय ठेवायचं त्याचा विचार केला,” ही म्हणाली. “बघितलंत? असे लोक असतात.” शेवटचं वाक्य पिंजऱ्यातल्या बगळ्याला उद्देशून होतं.

इथेच हत्तींची ओळख झाली. या प्राणिसंग्रहालयात पहिलं हत्तीचं पिल्लू १९९२ मध्ये जन्मलं, त्याचं नाव राजा ठेवलं. २०१३ मध्ये जन्मलेली प्रिया. इकडे आमच्या ओळखीतल्या घरांत बारशाला गेलं, की पाळण्यावर मिला नाहीतर रायन लिहिलेलं असतं. आपली संस्कृती परदेशात कोण टिकवून आहे, याची मंडळाने एकदा नीट चौकशी करायला हवी.

पण आमच्या प्रवासातलं सगळ्यात लांबलेलं संभाषण सुरू झालं ते पेंग्विनांसमोर. आत कडाक्याची थंडी. राजा पेंग्विन घरटं बांधत नाही. मादी एकच अंडं घालते आणि ते पायांवर ठेवून, वरून पोटाच्या कातडीची घडी घालून, जवळजवळ पावणेदोन महिने उभ्याने उबवायचं असतं. एक जण समुद्रावर खायला जातो, दुसरा उभा राहतो, मग बदली. मी हे हिला मोठ्या हौसेने सांगितलं. हिने सगळं ऐकून घेतलं आणि त्यातला एक शब्द निवडला.

“आळीपाळीने,” ही म्हणाली. मग पेंग्विनाकडे वळून पुन्हा, “आळीपाळीने हं.”

मुलं लहान असताना मी दौऱ्यावर फार असायचो. मला उत्तर देणं भाग होतं, पण समोर पेंग्विनच पेंग्विन, आणि त्यांच्यातला एकही माझ्या बाजूने बोलणारा नव्हता. मी गप्प बसलो. संसारात उत्तर सुचलं नाही, तर घाई करू नये. ते पुढे कुठेतरी मिळतं.

आमची लेक समुपदेशक आहे. तिचं म्हणणं, आईबाबा, तुम्ही थेट बोलायला शिका. वाक्याची सुरुवात ‘मला असं वाटतं’ अशी करायची, समोरच्याला दोष द्यायचा नाही. आम्ही मिसुरीत, एका पेट्रोल पंपावर, तसा प्रयत्न केला. ही म्हणाली, “मला असं वाटतं की तुम्ही माझं ऐकत नाही.” मी म्हटलं, “काय म्हणालीस?” पंपाचा आवाज मोठा होता. लेकीचं शास्त्र तिथेच संपलं.

त्यामुळे ओक्लाहोमात कॅटूसा नावाच्या गावी जे बघितलं, ते लेकीच्या अभ्यासक्रमात का नाही, असा प्रश्न मला पडला. रस्त्याच्या कडेला एक तळं आहे आणि तळ्यात एक निळा देवमासा आहे: सिमेंटचा, ८० फूट लांब, तोंड पसरून हसणारा. ह्यू डेव्हिस नावाच्या गृहस्थांनी तो १९७० च्या सुमाराला बांधायला घेतला आणि दोनएक वर्षांत पुरा केला. हे डेव्हिस शेजारच्या टल्सा शहरातल्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख होते. उभा जन्म जनावरांत गेलेला. त्यांच्या पत्नीला, झेल्टाबाईंना, देवमाशांच्या छोट्या छोट्या मूर्ती जमवायचा नाद होता. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला चकित करावं म्हणून निवृत्त डेव्हिसांनी लोखंडाचा सांगाडा उभारला, त्यावर बादल्या-बादल्यांनी सिमेंट चढवलं आणि फडताळात मावणाऱ्या मूर्तीची ही एवढी थोरली आवृत्ती तिच्यासमोर ठेवली.

त्याच्या तोंडातून आत जाता येतं. आत गार सावली असते आणि पाण्याचा उजेड छतावर हलत असतो. कडेच्या कल्ल्यांवरून पूर्वी मुलं घसरत पाण्यात पडायची; घरच्यांसाठी केलेलं हे प्रकरण बघता बघता सगळ्या पंचक्रोशीचं पोहण्याचं ठिकाण झालं होतं. आम्ही शेपटीपर्यंत जाऊन पाण्यात पाय सोडून बसलो. आमच्या ओळखीतला एकही मराठी नवरा बायकोला थेट काही बोललेला मला माहीत नाही. पण हा ओक्लाहोमातला माणूसही बोलला नव्हता. त्यालाही मध्ये काहीतरी घ्यावं लागलं. फक्त त्याने जरा मोठं घेतलं.

“मी काय जमवते, सांगा बघू,” हिने विचारलं.

प्रश्न सोपा वाटतो, पण परीक्षेतले सगळे सोपे प्रश्न पहिल्या पानावरच असतात. मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “दह्याचे रिकामे डबे,” मी म्हटलं.

“मग ऐंशी फुटी डबा बांधा,” ही म्हणाली. पण हसली. देवमाशाच्या पोटात हसणं घुमतं.

आमच्या पोटातही, म्हणजे मोटरहोमच्या, बरंच काही चाललेलं असे. शेगडीच्या बरोबर वर धुराचा अलार्म. तेलात मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची पडली, की तो असा काही किंचाळायचा, की शेजारची माणसं धावत यायची. मग ही त्यांना बशीत पोहे देऊन परत पाठवायची आणि वर बघून अलार्मला सुनवायची, “उगाच कशाला ओरडतोस? जेवायला तर तूच पहिला बसतोस.” अलार्म जेवत नाही, हे सांगायला नको.

माझं खातं नळ्यांचं. मोटरहोमला खाली दोन टाक्या असतात: एक संडासाची, एक मोरीच्या पाण्याची. दर दोन-तीन दिवसांनी ‘डम्प स्टेशन’वर गाडी नेऊन, हातमोजे घालून, जाड नळी जोडायची. आधी संडासाची टाकी सोडायची आणि मग मोरीची, म्हणजे मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. सगळी नोकरी कारखान्यांच्या नकाशांवर घालवूनही एवढी निर्दोष रचना माझ्या हातून झाली नव्हती. ही मात्र त्या वेळी गाडीपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून उभी राहायची आणि परतल्यावर दारातच विचारायची, “हात?” त्या एका शब्दापुढच्या प्रश्नचिन्हात आमच्या दोन्ही घराण्यांचं सोवळं उभं असे.

टेक्सास पटकन संपवावं, कारण टेक्सास स्वतःहून संपत नाही. अमरिलोजवळच्या शेतात १९७४ मध्ये काही कलावंतांनी दहा कॅडिलॅक गाड्या नाकावर उभ्या पुरून ठेवल्या आहेत. येणारा जाणारा त्यांच्यावर रंगाचे फवारे मारतो. कुणी हटकत नाही. ‘चांगल्या गाड्यांची नासाडी’ असं म्हणत हिने कुणीतरी टाकून दिलेल्या डब्यातला उरलेला रंग वापरून एका दारावर मोठं ‘श्री’ काढलं. आम्ही निघेपर्यंत एका पोराने त्यावर हिरवा ढग मारलाही. त्याच गावातल्या एका खानावळीत ७२ औंसांचा, म्हणजे दोन किलोंचा गोमांसाचा तुकडा जोडीच्या पदार्थांसकट तासाभरात संपवला, तर पैसे घेत नाहीत. बाहेर पाटी बघून आम्ही गाडीत येऊन वरणभात खाल्ला. पैसे आम्हीही कुणाला दिले नाहीत.

ॲरिझोनात झाडांचे दगड झालेलं एक रान आहे, पेट्रिफाइड फॉरेस्ट. कोट्यवधी वर्षांपूर्वीची खोडं लाल-जांभळ्या गारगोटीसारखी होऊन पडली आहेत. लोक त्यातला एखादा तुकडा खिशात घालतात, घरी नेतात, मग घरात आजारपण येतं, नोकरी जाते, आणि ते दगड पत्रासकट टपालाने परत येतात. ‘हा घ्या तुमचा दगड आणि आमची सुटका करा.’ अशा परत आलेल्या दगडांचा ढीगच तिथे जमला आहे, कारण कुठून उचलले ते कळत नसल्याने मूळ जागी ठेवता येत नाहीत. ही गोष्ट ऐकल्यावर हिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझे खिसे तपासले.

मग ग्रँड कॅन्यन. देखावा माझा होता, त्यामुळे हिने तो माझ्यासाठी पाहिला. “मोठी आहे दरी,” असं म्हणाली. मला वाटलं, आता पुढे ‘पण ती काही करते का?’ येणार. तेवढ्यात दरीतून एक पक्षी वर आला. पंखांचा पसारा साडेनऊ फूट. पंख हलत नव्हते, नुसता तरंगत होता, आणि प्रत्येक पंखावर नंबराचा बिल्ला लावलेला. डोकं टक्कल पडलेलं, मान सुरकुतलेली. कॅलिफोर्निया काँडोर.

१९८२ साली जगात हे पक्षी २२ उरले होते. शिकाऱ्यांच्या गोळ्यांतलं शिसं मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात जायचं. १९८७ मध्ये मोकळा उरलेला शेवटचा पक्षीही धरून आणला. सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांनी अंडी उबवली, पिल्लं वाढवली, आणि १९९२ पासून ती पुन्हा रानात सोडायला सुरुवात केली. ॲरिझोनात १९९६ पासून. आता ते पाचशेच्या वर आहेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त मोकळे उडतात. ज्यांचा धंदा पिंजऱ्याचा, त्यांनीच हे आकाश पुन्हा भरलं.

ही बराच वेळ बघत राहिली. हिच्या आजोळी माणदेशात ढोर मेलं, की गावाबाहेर माळावर गिधाडं उतरायची. हिने लहानपणी ती रांगेने बसलेली पाहिली आहेत. पुढे गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचायला लागले आणि ते मांस खाऊन गिधाडं पटापट मेली. २००६ मध्ये जनावरांच्या औषधात त्याला बंदी झाली, तोवर माळ रिकामे झाले होते. “आमच्याकडे कुणी मोजलीसुद्धा नाहीत आधी,” ही म्हणाली. हे वाक्य मात्र कुणाच्याही आडून नव्हतं.

मी हिला काँडोरच्या पिल्लांची एक गोष्ट सांगितली. पिल्लाने माणसाला आई समजू नये, म्हणून भरवणारा माणूस आडोशाला लपतो आणि हाताला काँडोरच्या डोक्याची बाहुली चढवून तिच्या चोचीने घास देतो. घास माणसाचा, माया माणसाची, पण तोंड दुसऱ्याचं.

“एवढंच ना?” ही म्हणाली. “तुमच्या आजीचा पोळपाट.”

सॅन दिएगोचं प्राणिसंग्रहालय एका डरकाळीतून झालं म्हणतात. १९१५-१६ च्या प्रदर्शनात आणलेले प्राणी बाल्बोआ पार्कात पिंजऱ्यांत होते. डॉ. हॅरी वेगफर्थ नावाचे शल्यविशारद भावाबरोबर गाडीतून जात असताना रेक्स नावाचा सिंह गरजला, आणि आपल्या गावाला एक प्राणिसंग्रहालय असावं, असं त्यांनी भावाला बोलून दाखवलं. १९१६ मध्ये संस्था उभी राहिली. बरोबर भाऊ होता म्हणून हे घडलं. बायको असती, तर “आधी रस्त्याकडे बघा” म्हणाली असती.

इथे, दाट झाडीतल्या एका पिंजऱ्यापाशी, मला माझं उत्तर मिळालं. धनेश. कोकणातल्या जंगलांतही असतो तो, मोठ्या चोचीचा. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. मग अंडी निघून पिल्लं थोडी मोठी होईपर्यंत, महिनोन्महिने, नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. न चुकता, दिवसभर खेपा घालत.

“बघ,” मी धनेशाला उद्देशून, पण खणखणीत आवाजात म्हणालो. “दौऱ्यावर असतो बिचारा. पण आणून घालतो.”

सेंट लुईसपासून दोन हजारांहून जास्त मैल मी हे वाक्य बाळगून होतो, फक्त पक्षी मिळत नव्हता. हिने फटीकडे निरखून पाहिलं.

“तिलाही कळलंय,” ही म्हणाली, “दार लिंपून घेतल्याशिवाय बाईला निवांत बसायला मिळत नाही.”

सामना तिथेच बरोबरीत सोडवायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी आम्ही एस्कॉन्डिडोजवळच्या सफारी पार्कात गेलो. १९७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं, १,८०० एकरांचं हे सॅन दिएगोचंच भावंड. इथे जनावरं उघड्या माळावर फिरतात. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांपैकी नोला नावाची मादी इथेच होती. २०१५ मध्ये ती गेली. आता त्या जातीचे दोनच जीव जगात उरले आहेत, केनियात, आणि दोन्ही माद्या: एक आई आणि तिची लेक. लेकीशी बोलायला आई आहे. पण ज्या सुनेला लागावं ती येणारच नाही. हे मनात आलं आणि मी हिला सांगितलं नाही, कारण त्या जागी कुठल्याही प्राण्याआड लपता येत नव्हतं.

शेवटी आपला एकशिंगी गेंडा आला. चिखलात पोटापर्यंत बसलेला, अंगावर कातडीच्या घड्या, त्यांवर चिलटं आणि माश्या. ट्रॉलीतली मुलं ओरडत होती, कॅमेरे वाजत होते. गेंडा ढिम्म. कुणी कितीही बोलो, त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती.

“कातडी बघा,” ही म्हणाली. पुढचं मी ऐकायला तयार होतो. गेंडा दिसल्यापासूनच तयार होतो. पण ही एवढंच म्हणून थांबली आणि मग बऱ्याच वेळाने, गाडी पुढे सरकताना, मान मागे वळवून गेंड्याला म्हणाली, “फार सहन करतो हो.”

हे दूषण की कौतुक, याचा खुलासा मी मागितला नाही. खुलासा मागायची आमच्यात पद्धत नाही.

मोटरहोम तिथेच परत केलं आणि विमानाने घरी आलो. दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. मी बाहेरच्या खोलीत होतो, ही स्वयंपाकघरात, आणि हिचा आवाज अशा वेळी भिंतीला जुमानत नाही.

“बोललो की एकमेकांशी. अगं, भरपूर... हो, ‘मला असं वाटतं’ पण म्हटलं एकदा, पेट्रोल पंपावर... सगळ्यात जास्त काय आवडलं? गेंडा. खरंच. दिसायला राकट, ऐकू येत नाहीसं दाखवतो, एका जागी बसला की बसला. पण जवळ कुणी आपलं माणूस बोलायला लागलं ना, की कान बरोबर तिकडे वळतात... छे गं, बघायला पुन्हा एवढ्या लांब कशाला जायला हवं?”

मी जागचा हललो नाही. कानांचं मला सांगता येणार नाही.